केस नंबर एक : ब्रूनो ऊर्फ जोंधळ्या

२ फेब्रुवारी

आज केंद्र सुरू झालं. 'दिलासा प्राणी निवारा व पुनर्वसन केंद्र'. जागा आमची कडब्याची शेड. बाने कडबा अर्ध्यात सरकवून दिला. उरलेल्या अर्ध्यात सहा पिंजऱ्यांच्या जागा चुन्याने आखल्या. पाटी मीच रंगवली. 'पुनर्वसन'ला जागा पुरली नाही, 'न' खालच्या ओळीत गेला. लांबून कळत नाही.

आईने विचारलं, जनावरं कुठं हायत. तिला सांगितलं की आधी सिस्टिम उभी राहते, मग प्राणी येतात. ती म्हणाली, तवर शेळ्या बांधते. (मी कॉलेजला गेल्यापासून तिला याडीऐवजी आई म्हणते. अजून पहिल्या हाकेला ती ओ देत नाही.)

पुण्याची एक मोठी संस्था आम्हाला जोडून घ्यायला तयार आहे. अट एकच. जूनच्या आत एक केस पूर्ण करून दाखवायची : सुटका, पुनर्वसन, दत्तक. तिन्हींचे फोटो. मी त्यांचाच तीन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला आहे. ८७ टक्के.

संकल्प : रोज डायरी. कुणावर चिडायचं नाही. तांडा बदलायचा.

५ फेब्रुवारी

औंढ्याला जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथे किसनराव म्हणून ड्रेसर आहेत, रिटायरमेंटला आलेले. केंद्राबद्दल सांगितलं तर लगेच म्हणाले, बरं झालं, वसमत रोडच्या पुलाखाली एक खरूज झालेली कुत्री आहे, चार पिल्लं आहेत, आजच घेऊन जा, औषध मी देतो.

त्यांना समजावलं की आमची प्रवेश-नीती अजून ठरायची आहे. शिवाय खरूज पसरते. शिवाय तिचे फोटो बघवणार नाहीत. दुसऱ्या टप्प्यात घेऊ म्हटलं.

ते "बरं ताई" म्हणाले आणि म्हशीकडे गेले. व्हिजन नाही या लोकांना.

९ फेब्रुवारी

केस सापडली. आणि आमच्याच तांड्यात. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती.

नर. वय अंदाजे सहा. रंग वाळल्या जोंधळ्यासारखा. डावा कान फाटलेला. गळ्यात पट्टा नाही. फॉर्म घेऊन घरोघर फिरले. हे कुत्रं कुणाचं? चाळीस घरांत एकच उत्तर : कुणाचं न्हाई, तांड्याचं हाय. प्रत्येक घरी नाव वेगळं. तांड्याच्या नायकांकडे शेरू, आमच्याकडे पंड्या, जिवनबाईकडे जोंधळ्या.

फॉर्म भरला. मालक : नाही. निवारा : नाही (जिवनबाईच्या चुलीच्या राखेत झोपतो). आहार : अनियमित (सकाळपासून अकरा घरी तुकडा खाताना पाहिला). नाव : निश्चित नाही.

इतकी स्पष्ट केस कोर्समध्येसुद्धा नव्हती. नाव ठेवलं ब्रूनो.

१० फेब्रुवारी

जिवनबाईशी बोलणं झालं. ती बाची चुलती, तांड्याच्या शेवटच्या घरात एकटी राहते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, आता फक्त उजेड कळतो. सगळा तांडा तिला याडी म्हणतो.

सरळ विचारलं, याडी, कुत्रं तुझं आहे का. तिला प्रश्नच कळला नाही.

"माझं कसं असन? तो त्याचा हाय."

हे वाक्य फॉर्मच्या मागे लिहून घेतलं. कायदेशीरदृष्ट्या महत्त्वाचं आहे.

मग तिने त्याचं काय काय सांगितलं. कोण आलं ते तो भुंकून सांगतो म्हणे. नायकाला वेगळं, नेमसिंगला (म्हणजे बाला) वेगळं, सापाला वेगळं, अनोळखी माणसाला वेगळं. मी आले की दोनदा भुंकतो आणि मग नाकातून कुईं करतो. का ते विचारलं तर म्हणाली, शिकलेल्याले तसंच करते, बँकवाला आला तवा बी केलं. आणि हसत बसली. शेतात जाताना तो पुढे चालतो आणि बांध आला की थांबतो.

थोडक्यात : सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत काम. सुट्टी नाही. मोबदला चतकोर भाकरी. आणि भुंकण्यात सातत्य नाही, म्हणजे मानसिक ताण. जिवनबाईचा हेतू वाईट नाही. पण अज्ञानसुद्धा क्रूरच असतं.

१२ फेब्रुवारी, सकाळी ८

सुटका यशस्वी. वेळ चार मिनिटं. गुळपोळी दाखवली, दोरी घातली, मागे मागे आला. कोर्समध्ये विश्वास संपादन करायला दोन आठवडे सांगितले होते. (तो मला पिल्लू असल्यापासून ओळखतो हे खरं. पण तंत्रही बरोबर होतं.)

फोटो : दोरीआधी, दोरीनंतर.

१५ फेब्रुवारी

शाम्पूने अंघोळ. ब्रूनो म्हटलं की बघत नाही. दिवसभर शेवटच्या घराच्या दिशेला तोंड करून भुंकतो. दोनदा पत्र्याखालून निसटला, दोन्ही वेळा जिवनबाईच्या राखेत सापडला. जुन्या शोषणाची सवय. वेळ लागेल.

१८ फेब्रुवारी

जिवनबाई कुंपण धरत धरत इथवर आली. एकटीच. पायाला काटे. म्हणाली, जोंधळ्या इथं भुकून राहिला, मले आवाज येते. त्याला आत घेऊन मी दार लावलं. या टप्प्यावर जुने संबंध अडथळा ठरतात. तिला नीट सांगितलं की त्याला चांगलं घर मिळणार आहे, गादी, वेळेवर जेवण, डॉक्टर.

तिने बंद दारावर हात फिरवला. मग विचारलं, "त्याला इचारलं का तू?"

अडाणी माणसाशी वाद घालायचा नाही, हा नवा संकल्प.

आईने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं आहे. भाकरी मात्र वाढली.

२४ फेब्रुवारी

दत्तकासाठी पहिला अर्ज. कुरुंद्याचा सुदाम, हळदवाला. शेतात हळद शिजवणं चालू आहे, राखणीला कुत्रं हवं. माणूस गोड बोलतो. त्याने ब्रूनोचा फाटका कान धरून बघितला आणि विचारलं, डुकराने फाडला का? मला माहीत नव्हतं. कान का फाटला हा कॉलम मी 'अत्याचार' असा भरला होता.

प्रश्नावली घेतली. कुत्रा कुठे झोपेल? जिथं त्याला वाटन तिथं. बिछाना? हसला. व्यायामाची सोय? पुन्हा हसला, आठ एकर हाय म्हणाला. वाढदिवस साजरा कराल का? तेव्हा तो उठलाच.

एकवीसपैकी चार गुण. अर्ज नामंजूर. पुलाखालच्या कुत्रीबद्दल ऐकून तो तिकडे गेला, एक पिल्लू घेतलं असं किसनरावांनी फोनवर सांगितलं. बाकी तीन आणि त्यांची आई गाडीखाली गेली होती तोवर. वाईट वाटलं. दुसऱ्या टप्प्याची किती गरज आहे हे यावरून दिसतं.

२६ फेब्रुवारी

हिंगोलीला गृहभेट. महाशिवरात्र, औंढ्यात सगळ्या बस भरलेल्या, अडीच तास उभी. पण सार्थक झालं. केतकी मॅडम शाळेत शिकवतात, श्रेयस सर इन्शुरन्समध्ये. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. कुत्र्यासाठी गादी आधीच आणलेली, तिच्यावर हाडांची डिझाइन. एकवीस उत्तरं, सगळी इंग्रजीत, एका प्रश्नाला तर अर्धं पान.

त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, 'दिपा मॅडम' म्हणाल्या, तीनदा. विचारलं, इतकं काम एकट्या कसं करता.

एकवीसपैकी एकवीस.

१ मार्च, दुपारी १

दत्तक पूर्ण. फोटो : ब्रूनो, केतकी मॅडम, श्रेयस सर, मध्ये मी, प्रमाणपत्र. ब्रूनो मान वळवून दाराकडे बघत होता म्हणून एकोणीस काढावे लागले.

जिना उतरताना वरून भुंकणं ऐकू येत होतं. चौकापर्यंत. आनंदाचं असावं.

१४ मार्च

होळी. तांड्यात लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी. बायांची सुरुवात दरवर्षी जिवनबाईच्या आवाजाने होते, या वर्षी ती आलीच नाही. बा बोलवायला गेला तर म्हणाली, वाट कळत न्हाई आता. हे मनाचे खेळ आहेत. वाट तीच आहे, शंभर पावलं.

बाने तिला हाताला धरून आणायची तयारी दाखवली. तिने नको म्हटलं. बायकांनी तिच्याशिवाय गाणं उचललं, पण सूर फार वर लागला आणि मध्येच सुटला. त्यावर सगळ्या माझ्याकडे का बघत होत्या ते कळलं नाही.

हल्ली लोक जिवनबाईच्या अंगणात शिरताना मोठ्याने स्वतःचं नाव सांगतात. याडी, मी बाबूसिंग. याडी, मी देवला. ऐकायला चांगलं वाटतं. एक प्रकारची शिस्त आली आहे.

२१ मार्च

केतकी मॅडमचा फोन. ब्रूनो भुंकतो. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, वरच्या मजल्यावरच्या आजोबांना, प्रत्येकाला वेगळं. सोसायटीने लेखी तक्रार दिली आहे. मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. ठेवायचा आहे हो, पण.

मी घाबरले नाही. लगेच शोधलं. एक बेल्ट मिळतो, कुत्रा भुंकला की मानेला हलका झटका बसतो. 'मानवीय प्रशिक्षण साधन' असं लिहिलं आहे. चार पूर्णांक दोन तारे. लिंक पाठवली. मॅडमनी विचारलं, त्याला दुखेल का. मी म्हटलं, नाही, फक्त समजेल.

केस परत आली तर पुण्याचं काही खरं नाही.

२९ मार्च

जिवनबाईचं करडू गेलं. भर दुपारी, ती दारात बसलेली असताना. तिला पावलं ऐकू आली होती. कोन हाय म्हणून विचारलं, कुणी बोललं नाही, आणि करडू एकदाच ओरडलं.

तांड्यात चोऱ्या वाढल्या आहेत. ग्रामपंचायतीने लक्ष घालायला हवं. मी अर्ज लिहून देते म्हटलं, आईने कागदच दिला नाही.

४ एप्रिल

जिवनबाई शेताच्या बांधावरून खाली गेली. उजवं मनगट मोडलं. बा आणि नायक तिला कळमनुरीला घेऊन गेले. प्लास्टर, सहा आठवडे.

मी भेटायला गेले. नाव सांगितलं. ती म्हणाली, ये. मग म्हणाली, बांध कुठं आला तेच कळलं न्हाई गं. तक्रार अशी केली नाही. तक्रार केली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे मुद्दे तयार होते.

दृष्टीचा आजार हा आरोग्य खात्याचा विषय आहे. माझ्या कार्यक्षेत्रात येत नाही.

१२ एप्रिल

केतकी मॅडमचा रिपोर्ट : पहिल्या दिवशी बेल्ट सव्वीस वेळा वाजला. चौथ्या दिवशी पाच. नवव्या दिवसापासून शून्य. आता बेल्ट काढला तरी भुंकत नाही. सोसायटीने अभिनंदन केलं. मॅडम म्हणाल्या, फक्त तो दारासमोर बसून असतो, दाराकडे तोंड करून, गादीवर येत नाही.

शांत बसायला शिकला. पुनर्वसन म्हणजे दुसरं काय असतं.

पुण्याला अहवाल पाठवला. 'वर्तन-समस्या : पूर्ण बरी'.

२२ एप्रिल

मान्यता आली. आम्ही आता भागीदार केंद्र. त्यांनी ब्रूनोचा फोटो त्यांच्या पानावर टाकला आहे : 'तांड्याच्या राखेतून घराच्या गादीवर'. साडेनऊशे लोकांनी बदाम दिले. एका बाईने लिहिलं, ताई तुमच्यासारख्या मुली गावोगाव हव्यात.

बाला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, राखेचं काय वाईट होतं, थंडीत उबदार राहते. मोबाईल परत दिला आणि शेळ्यांकडे गेला.

घरातल्या पहिल्या पदवीधराचं हे असं होतं. टाळ्या पुण्याहून येतात.

२ मे

आई सकाळपासून दिसत नाही. शेतातही नाही. 

सायंकाळी ५

आई आली. ब्रूनोला घेऊन. सविस्तर नंतर.

३ मे

झालं ते असं. आईला वाचता येत नाही. तिने माझ्या फाइलमधून केतकी मॅडमच्या पत्त्याचा कागद फोटोवरून ओळखून काढला, फाडून घेतला (मूळ प्रत), आणि पहिल्या बसने हिंगोलीला गेली. कागद दाखवत दाखवत दुसऱ्या मजल्यावर पोचली. बेल वाजवता येत नाही म्हणून दार बडवलं. दार उघडलं तर समोर तो बसलेलाच.

मॅडमना मी रात्री फोन करून माफी मागितली. म्हटलं, प्रक्रिया पाळली गेली नाही. मॅडम म्हणाल्या, तुमच्या आईंनी काहीच मागितलं नाही. फक्त म्हणाल्या, आमची याडी आंधळी हाय, तो तिचा हाय. मग मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला हे सांगितलंच नव्हतं, दिपा मॅडम. फॉर्मवर मालक नाही असं होतं."

मी म्हटलं, तिनेच तसं सांगितलं होतं. माझ्याकडे लिहून आहे.

त्या म्हणाल्या, त्याला इतके दिवस दाराकडे बघताना आम्हाला बघवत नव्हतं. गादी पण आईंबरोबर पाठवली. आईने ती बसस्टँडवरच्या एका म्हातारीला देऊन टाकली.

आईने फॉर्म भरला नाही. सही केली नाही. कुत्रं टेम्पोत मागे बसवून आणलं, स्वतः मागे बसून.

सायंकाळी विचार केला आणि एकदम सुचलं. हे अपयश नाहीच. याला 'समुदाय-आधारित दत्तक' म्हणता येईल. केस नंबर एकचा दुसरा टप्पा. पुण्याला उद्या मेल.

४ मे

मेल उद्या.

परवा आईने त्याला तांड्याच्या तोंडाशी सोडलं. तो सरळ शेवटच्या घरी गेला. अर्धा तांडा मागे. जिवनबाई ओट्यावर होती, प्लास्टरचा हात मांडीवर. लोक काही बोलले नाहीत, त्यांना बघायचं होतं. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिला कळलं नाही. तो आणखी जवळ गेला, नाक तिच्या गुडघ्याला लावलं, तेव्हा ती दचकली, हात उगारला. मग हाताला फाटका कान लागला.

पुढचं मी लिहीत नाही. मी मागे उभी होते, मला सगळं दिसलं नाही.

११ मे

जोंधळ्या भुंकत नाही.

आठवडा झाला. माणूस आला तरी नाही, गाडी आली तरी नाही. काल जिवनबाईच्या अंगणातून धामण गेली, तो उठून उभा राहिला, थरथरला, आणि तोंड मिटून बसला. शेजारच्या देवलाने पाहिलं म्हणून कळलं.

आईने मला पुढे घातलं आणि किसनरावांकडे पाठवलं. ते बसने तांड्यावर आले. जबडा उघडून पाहिला, गळा चाचपला, मानेवरचे केस बाजूला करून दोन काळे डाग दाखवले. घशाला काही झालेलं नाही म्हणाले. मी बेल्टचं सांगितलं. कुणी पाठवला ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

म्हटलं, परत भुंकेल का?

"इसरला तर भुकन. कुत्रं लवकर इसरत न्हाई, ताई."

आराखडा केला. पुनर्प्रशिक्षण, सहा आठवडे, बक्षीस पद्धत. उद्यापासून.

१२ मे

गुळपोळी घेऊन गेले. मला पाहिल्यावर तो घरात गेला, कोठीमागे. आराखड्यात याची सोय नाही.

१५ मे

तांड्यात मी दिसले की बाया आपापल्या अंगणातली कुत्री आत हाकलतात. आज नायकांच्या सुनेने मांजरसुद्धा उचललं. कुणी काही म्हणत नाही. म्हणायला हवं होतं.

पुण्याहून मेल : फॉलोअप फोटो पाठवा. चांगला उजेड असताना.

१७ मे

आईने शेडमध्ये पुन्हा शेळ्या बांधल्या. मी अडवलं नाही. चुन्याच्या रेघा दोन दिवसांत पुसल्या.

मी तिला याडी म्हणून हाक मारून पाहिली. पहिल्या हाकेला वळली. मग मी मीठ मागितलं.

१९ मे, सायंकाळी ६

ठरवून गेले होते. जिवनबाईला सगळं सांगायचं. बेल्ट कुणी पाठवला, लिंक कुणी शोधली, दुखत नाही असं कोण म्हणालं. वाक्यं पाठ केली होती. माफी हा शब्द तिसऱ्या वाक्यात होता.

दार उघडं. जिवनबाई चुलीपुढे, पाठमोरी. उजव्या हाताचं प्लास्टर परवा निघालं, पण मनगट वळत नाही, डाव्या हाताने पीठ मळत होती. जोंधळ्या उंबऱ्यात आडवा. तिथून हलला नाही, या वेळी. मी अंगणात थांबले. त्याने मान उचलून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. माझी चप्पल वाजली असावी, कारण तिचा हात पिठात थांबला.

"कोन आलं रं, जोंधळ्या?"

त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही. मग त्याने तोंड मिटलं आणि हनुवटी परत उंबऱ्यावर ठेवली.

मलाही नाव सांगता आलं असतं. अंगणात शिरताना आता सगळे सांगतात.

ती थोडा वेळ कान देऊन बसली.

"कोनी न्हाई," असं तिचं तीच म्हणाली, आणि पीठ मळायला लागली.

मी चप्पल हातात घेऊन परत आले.